डोक्याला ताप नसलेली हाणामारीची कार्टून्स इतकी का आवडतात?

फोंड्याचा_मामा:
नमस्कार मंडळी. प्रश्न बावळट आहे पण विचारून टाकतो. मी सिनेमा सिरियसली बघणारा माणूस, २००४ साली इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) गोव्यात आला तेव्हापासून जवळजवळ दरवर्षी गळ्यात कार्ड अडकवून पणजीत रांगा लावतोय. मागच्या वेळी एका तीन तासांच्या सिनेमात, ज्याचं बाहेर चहा पिताना सगळे कौतुक करत होते, मी चक्क घोरलो (शेजारच्या बाईंनी कोपर मारून उठवलं). आणि परवा दहावीतल्या भाच्यानं स्वतः केलेली अडीच मिनिटांची कार्टून क्लिप दाखवली तर हसून हसून डोळ्यात पाणी.

आहे काय त्यात, तर काड्यांची माणसं. एक पोदेर (आमचा पाववाला) सायकलवरून पों पों करत येतो, चोर टोपलीतली एक पोई, म्हणजे गोव्याचा पाव, उचलतो, आणि तिथून जी मारामारी सुरू होते ती विचारू नका. पाव बाँबसारखे फुटतात, सायकलचं हेलिकॉप्टर होतं, चोराला लाथ बसते तो माड मोडून कौलं फोडून कुणाच्यातरी रांधपघरात (स्वयंपाकघरात) पडतो, उठतो, हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, बोट बुडवून चाटतो, म्हणतो "मीठ कमी", आणि त्याच भोकातून परत वर. शेवटी फेरीबोट उडते. का उडते? भाच्याला विचारलं तर म्हणे, "मामा, ती तिथं होती ना."

बायको म्हणते यात एवढं हसण्यासारखं काय, मला सांगता येईना. कथा नाही, आणि चित्रं अशी की एकाचा हात मध्येच दीड फूट लांब होतो. तरी मी चार वेळा बघितली. लिंक खाली टाकलीय. वयाचा परिणाम म्हणायचा का?

शिस्तप्रिय_मास्तर:
भाचा दहावीत आणि हे उद्योग. मामा चार वेळा बघतो. छान. बीजगणित कोण करणार, पोदेर?

म्हापशाचा_फ्रेमवाला:
मास्तर जरा दमानं 😄 मामा, मी अॅनिमेशनचीच कामं करतो, जाहिरातीतला हसरा काजू वगैरे, तर थोडं आतलं सांगतो. सेकंदाला २४ फ्रेम्स, बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम्स ठेवतात म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, अडीच मिनिटांची १८००. काडीमाणूस असला तरी प्रत्येक वेळी कोपर गुडघा कंबर एकेक ठिपका धरून सरकवायचा. पोरगा किती रात्री बसला असेल बघा. हात लांब होतो ती चूक असेलच असं नाही, जोरात हलणारी वस्तू एखाद्या फ्रेमपुरती ताणायची ही जुनी युक्ती आहे, स्मीअर म्हणतात. (चूकही असू शकते म्हणा.) आणि लाथ बसते तिथं थांबवून बघा, सगळं दोनतीन फ्रेम्स गोठतं, मग चोर उडतो. ते गोठणं काढलं तर लाथ लागल्यासारखीच वाटत नाही.

पण मला विचाराल तर तुम्ही हसलात ते लाथेला नाही, "मीठ कमी"ला. एवढा गोंधळ चाललाय आणि हा निवांत चव बघतोय. भाच्याला विचारा, बोट चाटल्यावर त्याला किती फ्रेम्स गप्प ठेवला.

आमच्या धंद्यात हे जमत नाही हो. फेरीबोट उडवायची म्हटली तर तीन मीटिंगा, बोट का, कुठली, परवानगी घेतली का. शाळेत असताना म्हापशातल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून आम्ही न्यूग्राउंड्स नावाच्या साइटवरच्या, फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या कार्टून मारामाऱ्या बघायचो, एकेक लोड व्हायला इतका वेळ की अर्धा तास रेघ पुढं सरकताना बघण्यातच जायचा, आणि बघितल्यावर वाटायचं की हे आपल्यालाही जमेल. मोठा सिनेमा बघून तसं कधी वाटलं नाही. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं तेव्हा खरंच वाईट वाटलं, आता रफल नावाच्या फुकट प्रोग्रॅममुळे त्यातलं बरंच परत चालतं. जुनी एकदोन बघितली, चित्रं भयानक आहेत. हसलो तेवढाच.

पेडण्याची_माहेरवाशीण:
मामा, तुम्ही दशावतार बघत नाही वाटतं. आमच्याकडं जत्रेला संकासुर आला की लहानपणी आम्ही झोपेतून उठायचो. वेद चोरणारा दैत्य, पण बोलतो असं की मंडपात हसून लोळण. लिहिलेलं काही नाही, संवाद तिथल्या तिथं, पहिल्या रांगेतल्या सरपंचालाही सोडत नाही. मग लढाई, लाकडी तलवारी, गरागरा गिरक्या, कोण कुणाला मारतोय कळत नाही आणि कळायची गरजही नाही. वरून बघाल तर नुसता धिंगाणा, पण पखवाजवाल्याची थाप आणि पाय एकत्र पडले नाहीत की म्हातारे लगेच नाक मुरडतात. फ्रेमवाले म्हणतात ते गोठणं तेच असणार, थाप पडली की क्षणभर दोघेही तसेच उभे.

शिस्तप्रिय_मास्तर:
दशावताराची तुलना असल्या क्लिपशी? तिथं शेवटी विष्णू येतो, वेद परत मिळतात. इथं पोईसुद्धा परत मिळत नाही.

माशेलकर_चिखलातला:
मास्तर, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलात या. अंगाला तेल चोपडून देवळापुढच्या चिखलात बाप्ये एकमेकांवर पडत असतात, साठीचे काकासुद्धा. कथा काय म्हणून आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही.

फोंड्याचा_मामा:
भाच्याला विचारलं. आधी १० फ्रेम्स गप्प ठेवला होता, त्याच्या आईला दाखवलं, ती हसली नाही. २० केले, जराशी हसली. ३६ ला हातातला चमचा पडला, मग तेच ठेवलं. म्हणजे अडाणी पोर नाही हो, आईवर प्रयोग करत बसलेला. हाताबद्दल मात्र म्हणाला, "मामा ती चूकच, पण बरी दिसली."

म्हापशाचा_फ्रेमवाला:
३६ म्हणजे दीड सेकंद! माझ्या कामात कुणी एवढं थांबू देत नाही. बारावी झाली की पाठवा त्याला माझ्याकडे.

फोंड्याचा_मामा:
आधी दहावी तर होऊ दे, बहीण मला मारेल. आणि मास्तर, तुम्ही बघितली का हो क्लिप?

शिस्तप्रिय_मास्तर:
कामापुरती बघितली. रांधपघरात मागं भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर जुलै दिसतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मग हुमणात ताजा बांगडा आला कुठून? मुलाला सांगा, तेवढं दुरुस्त कर.