गाडीवरचे गंजाचे ठिपके आणि उडालेले टवके : घरी दुरुस्ती करावी की गॅरेजमध्ये रंगकाम करून घ्यावे?

धागाकर्ता, रत्नागिरी

नमस्कार. माझ्याकडे २०१५ सालची पांढऱ्या रंगाची हॅचबॅक आहे. घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर असून गाडी बारा महिने अंगणात उघड्यावर उभी असते. कामानिमित्त चिपळूणपर्यंत सतत ये-जा होते आणि महामार्गाच्या कामावरची खडी पुढच्या ट्रकच्या चाकांखालून उडून बॉनेटवर बसते. आज बॉनेटच्या पुढच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढे नऊ टवके मोजले, त्यांपैकी चारांच्या मधोमध तांबूस ठिपका दिसू लागला आहे. उजव्या मागच्या चाकाच्या कमानीवर रुपयाच्या नाण्याएवढा गंजाचा डाग आहे. डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला रंगाला दोन फुगे आले असून बोटाने दाबल्यावर आतून कुरकुर असा आवाज येतो.

एका गॅरेजवाल्याने तिन्ही पॅनल पूर्ण रंगवण्याचे साडेअकरा हजार सांगितले. दुसरा म्हणाला, ‘वरून लांबी (पुट्टी) भरून पेंट मारून देतो, कळणारसुद्धा नाही.’ पावसाळ्याला अजून चार महिने आहेत. यातले काय घरी जमण्यासारखे आहे, साहित्य कोणते घ्यावे आणि कामाचा क्रम कसा असावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद, पुणे

आपण तीन डाग सांगितले आहेत, पण माझ्या मते ते दोन वेगळे आजार आहेत. बॉनेटवरचा आणि कमानीवरचा गंज बाहेरून आत चालला आहे, तर दाराचा गंज आतून बाहेर आला आहे. रंगाला वरून टवका नसताना फुगा येतो, तेव्हा पत्र्याच्या मागच्या अंगाला पाणी साचून तिथला लोखंडाचा थर कधीच गंजलेला असतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो रंग उचलून धरतो. अशा फुग्यावर टचअप लावणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला चुना लावण्यासारखे आहे. दाराबद्दल नंतर बोलू, आधी टवक्यांचे पाहू, कारण ते काम सोपे आहे आणि त्यालाच घाई आहे.

कंपनीतून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे कागदाच्या एका पानाच्या आसपास असते. खडीने ते सगळे थर एकदम उडाले की पत्रा उघडा पडतो, आणि तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत मीठ त्या खळग्यात बसून हवेतला ओलावा खेचत राहते. त्यामुळे पाऊस नसतानाही गंज चालूच राहतो.

रंगाचा कोड चालकाच्या दाराजवळच्या खांबावरील किंवा बॉनेटखालील पट्टीवर मिळेल. ‘पांढरा’ एवढे सांगून बाटली आणू नका, कारण एकाच कंपनीचे दोन पांढरे शेजारी ठेवले की फरक लगेच डोळ्यांत भरतो. गाडी शॅम्पूने धुऊन पूर्ण वाळू द्या आणि टवक्याभोवतीचे मेण किंवा पॉलिश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. पॉलिशमधल्या सिलिकॉनवर रंग बसत नाही, तो खळगे सोडून आखडतो. पेन्सिलीच्या मागच्या टोकाला पॉलिश पेपरची चकती चिकटवून फक्त खळग्यापुरते घासा आणि पत्रा चकचकीत दिसेपर्यंत घासणे सोडू नका. खळग्याच्या कडेचा सुटलेला पापुद्रा टाचणीने उचलून काढा, कारण त्याच्याखालीच गंज लपलेला असतो.

त्यानंतर प्रायमरचा एक थेंब आणि तो वाळल्यावर रंग. बाटलीच्या झाकणाला असलेला ब्रश बहुधा फार जाड असतो. मी उदबत्तीची काडी तिरकी कापून वापरतो. तिच्या टोकावर थेंब घ्यायचा, खळग्याच्या मध्यावर टेकवायचा आणि रंग आपणहून कडेपर्यंत पसरू द्यायचा. ब्रशने ओढले की रंग चांगल्या भागावर चढतो. एकदम भरण्याचा मोह टाळून तीन-चार पातळ थर द्यावेत, प्रत्येक थराला किमान अर्धा तास द्यावा आणि शेवटचा थर आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर राहू द्यावा, कारण वाळल्यावर तो खाली बसतो. आठवडाभराने २००० नंबरचा वॉटर पेपर खोडरबराच्या तुकड्यावर गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून, तेवढाच उंचवटा हलक्या हाताने घासावा आणि मग रबिंग कंपाऊंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) लावावे. हात जड असेल तर ही शेवटची पायरी सोडून द्या. बॉनेटवर बारीक उंचवटा राहिला म्हणून काही बिघडत नाही, पण क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) घासून निघाला तर नवाच उद्योग मागे लागतो.

प्रतिसाद, कोल्हापूर

वरील सल्ला योग्य आहे, थोडी भर घालतो. तुमच्या पांढऱ्या रंगावर क्लिअर कोट आहे की नाही, हे आधी पाहून घ्या. पांढऱ्या रंगासाठी काळ्या कापडावर थोडे कंपाऊंड घेऊन एका कोपऱ्यात घासून पाहा. कापडावर पांढरा रंग उतरला, तर वर वेगळा क्लिअर नाही आणि तुमचे काम एका पायरीने कमी झाले. घासताना कंपाऊंड स्वतः पांढरे नसल्याची खात्री मात्र करा, मी एकदा तसाच फसलो आहे.

कमानीवरच्या डागाला १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करून ३२० ने कडा उतरत्या करा, म्हणजे बोट फिरवल्यावर पायरी लागणार नाही. हे घासणे कोरडेच हवे, उघड्या पत्र्यावर पाणी नको. पत्रा चमकला तरी टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे राहतात. तेवढ्यांसाठी फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर (गंजाचे टिकाऊ थरात रूपांतर करणारे रसायन) वापरा, हातमोजे आणि चष्मा घालूनच. काही कन्व्हर्टर नंतर धुवावे लागतात, काही धुवायचे नसतात, म्हणून बाटलीवरचे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. जाड, पापुद्रे सुटलेल्या गंजावर कन्व्हर्टर ओतून सुटका होत नाही, तो फक्त वरचा थर काळा करतो.

समुद्रकाठी घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी त्यावर पिवळसर झाक दिसते. म्हणून सकाळी घासायला घ्या आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. साधा प्रायमर मारून ‘रंग पुढच्या महिन्यात’ असे म्हणणारे पुष्कळ असतात, पण साधा प्रायमर सच्छिद्र असतो आणि त्यातून पाणी पत्र्यापर्यंत पोहोचते. दुसऱ्या गॅरेजवाल्याची लांबीही याच कारणाने नाकारा. गंजावर भरलेली लांबी ओल धरते आणि वर्ष-दीड वर्षात तुकड्यासकट सुटून येते.

प्रतिसाद, टोरांटो

आमच्याकडे समुद्र नाही, पण हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्यामुळे गंजाची सुरुवात नेमकी मागच्या कमानीच्या आतल्या घडीपासून होते. येथे बरेच जण दरवर्षी थंडीपूर्वी गाडीच्या खालून आणि दारांच्या पोकळीत गंजरोधक तेल फवारून घेतात. तुमच्या कमानीचा डाग बाहेरून बरा केलात तरी आतल्या घडीत चिखल बसला असेल तर तो परत येईल. चाक काढून, आतले प्लॅस्टिकचे अस्तर सोडवून एकदा हात फिरवून पाहावा.

धागाकर्ता, रत्नागिरी

सर्वांचे आभार. काल दाराकडे पाहिले. खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी तीन भोके आहेत, त्यांपैकी दोन पूर्ण बुजलेली होती. खराट्याची काडी घालून फिरवली, तर जांभ्याची लाल माती, आंब्याच्या मोहराचा भुगा आणि चहाच्या कपभर गढूळ पाणी बाहेर आले. फेब्रुवारीत! म्हणजे हे पाणी गाडी धुतल्याचेच. आता फुग्यांचे काय करावे?

प्रतिसाद, पुणे

आता बोथट स्क्रू-ड्रायव्हरने फुग्यावर दाबून पाहा. पत्रा टणक लागला तर घासून, कन्व्हर्टर आणि इपॉक्सी लावून काम भागेल आणि दाराच्या आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचे गंजरोधक मेण) फवारावे लागेल. सगळे पूर्ण वाळल्यानंतरच ते फवारावे आणि भोके पुन्हा मोकळी करून घ्यावीत. स्क्रू-ड्रायव्हर आत गेला तर पत्रा सडला आहे. मग कुजका तुकडा कापून नवा पत्रा जोडण्याचे काम डेंटिंगवाल्याकडेच द्यावे, भोकात एम-सील भरून वर रंग लावू नये. दार हे बाहेर लटकणारे अंग आहे, तिथे थोडी सबुरी चालते. असेच फुगे दाराखालच्या पट्टीवर किंवा सस्पेन्शन जिथे बसते त्या जागी आले असते, तर मी घरी हात लावण्याचा सल्ला दिलाच नसता, कारण तिथला पत्रा गाडीचा सांगाडा असतो.

प्रतिसाद, ठाणे

विम्याचा विषय कोणी काढण्यापूर्वी सांगतो : गंज नेहमीच्या विम्यात बसत नाही, आणि टवक्यांसाठी दावा केल्यास नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, जो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. आणखी एक, गाडीवर प्लॅस्टिकचे आवरण घालत असाल तर काढा. आतला दमटपणा बाहेर पडत नाही आणि वाऱ्याने हलून ते रंगही घासते.

धागाकर्ता, रत्नागिरी

एका फुग्याखाली पत्रा टणक निघाला, दुसऱ्याखाली करंगळीच्या नखाएवढे भोक पडले. दार डेंटिंगवाल्याकडे दिले असून पत्रा जोडण्यापूर्वी मला आतली बाजू दाखवण्याचे त्याने कबूल केले आहे. कमान आणि बॉनेट मी स्वतः करणार आहे. बॉनेटवरचे दोन टवके आज उदबत्तीच्या काडीने भरले. पहिल्यात थेंब जास्त पडला आणि ओघळला, तो लगेच थिनरच्या बोळ्याने पुसून पुन्हा भरला. दुसरा दोन हातांवरून पाहिल्यास सापडत नाही. आवरण काढले आहे. रंगाच्या बाटलीवर ‘हलवून वापरा’ लिहिले आहे, ते किती वेळ हलवायचे हे कोणी सांगेल का? तळाशी घट्ट साका बसला आहे.

प्रतिसाद, कोल्हापूर

आतली गोळी मोकळी खुळखुळू लागल्यावर आणखी दोन मिनिटे. साका तसाच राहिला तर वरचा पातळ रंग पत्रा झाकणार नाही आणि तुम्हाला वाटेल की कोडच चुकला.