निराधारचे 1500 तीन महिने आलेच नाहीत, घर कसं चालवायचं? मदत हवी आहे

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचते, लिहायचं धाडस होत नव्हतं पण आता कुणाला विचारावं तेच कळेना म्हणून लिहितेय.

मी 37 वर्षांची, सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहते. मालक जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत, दोघं झेडपीच्या शाळेत. मला संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1500 मिळतात आणि घरी साडीला फॉल-पिको, ब्लाऊजची हातशिलाई असं करून 1300-1400 सुटतात, लग्नसराईत थोडे जास्त. खोलीचं भाडं 1000, लाईट बिल 300 च्या आसपास. रेशनला आम्ही प्राधान्य कुटुंबात आहोत, माणशी 5 किलोप्रमाणे तिघांचं 15 किलो गहू-तांदूळ फुकट मिळतं, त्यामुळे उपाशी कुणी झोपत नाही हे खरं सांगते. पण तेल, डाळ, साबण, वह्या, मुलीचा खोकला सुरू झाला की औषध, हे सगळं त्या उरलेल्या पैशातच.

पैसे कमी आहेत हे तर आहेच, पण त्याहून जास्त त्रास होतो तो पैसे कधी येणार ते माहीत नसण्याचा. 1500 दर महिन्याच्या 5 तारखेला आले असते तर मी बसवलं असतं कसंतरी. कधी महिन्याचे महिन्याला येतात, कधी दोन महिन्यांचे एकदम येतात आणि आता तर तीन महिने काहीच नाही. किराणावाल्या काकांच्या वहीत 2100 झालेत. ते काही बोलत नाहीत पण मलाच दुकानासमोरून जायला नको वाटतं, लांबच्या बोळातून जाते.

बँकेत गेले तर म्हणले जमा नाही, तहसीलला जा. तहसीलला गेले तर म्हणले आमच्याकडून गेलेत, बँकेत विचारा. असे तीन हेलपाटे झाले, प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाचं काम बुडलं. हयातीचा दाखला दिलेला आहे, त्याची पोच आहे माझ्याकडे.

लाडकी बहीणचा फॉर्म भरला होता पण निराधारचे 1500 चालू असले की ते मिळत नाही म्हणून बाद झाला, त्याबद्दल तक्रार नाही, नियमच तसा आहे.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. पैसे नक्की अडकलेत कुठं हे कसं शोधायचं? मुलांसाठी वेगळं काही मिळतं का? आणि तारीख माहीत नसलेल्या पैशात घर कसं बसवता तुम्ही लोक? अजून एक, शेजारच्या वहिनी म्हणतात की शिलाईचे पैसे कळले तर पगार बंद होईल (आमच्याकडे निराधारला पगारच म्हणतात), त्याची पण भीती वाटते.

माळरान: ताई, आधी पैशाचं बघू. पूर्वी तहसीलमधून बँकेत याद्या जायच्या, आता पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात पडतात. तुम्ही कोणतं पासबुक तहसीलला दिलंय त्यावर ते ठरत नाही, आधारला शेवटी कोणतं खातं जोडलं गेलंय त्यावर ठरतं. मधल्या काळात कुठं दुसरं खातं उघडलं का, गॅससाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी, किंवा मोबाईलच्या दुकानात कुणी अंगठा घेऊन? आधारच्या वेबसाईटवर 'बँक सीडिंग स्टेटस' म्हणून आहे, आधार नंबर आणि मोबाईलवर आलेला ओटीपी टाकला की कोणती बँक जोडलीय ते दिसतं. आधी ते बघा मगच तहसीलला जा, परत हेलपाटा नको.

निळीशाई: उत्पन्नाचं सांगते. निराधारला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 पर्यंत चालतं. तुमचे 1300-1400 धरले तर वर्षाचे 16-17 हजार होतात, म्हणजे तुम्ही मर्यादेच्या आतच आहात. दाखला काढताना खरं तेच सांगा आणि वहिनींचं ऐकून शिलाई मात्र सोडू नका. 21,000 म्हणजे महिन्याला 1750, एवढ्यात आजकाल एका माणसाचं तरी भागतं का, ही मर्यादा वाढायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे पण तो वेगळा विषय झाला.

मुलांसाठी बाल संगोपन योजना बघा. ज्यांची आई किंवा वडील वारलेत अशा 18 वर्षांखालच्या मुलांना महिन्याला 2250 मिळतात, 2023 च्या आधी 1100 होते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातो, बाल कल्याण समिती मंजूर करते. माझ्या चुलतबहिणीला निराधार आणि मुलाचं बाल संगोपन दोन्ही चालू आहे. मंजुरीला तिला बरेच महिने लागले, त्यामुळे आजच सुरुवात करा. मालकांचा मृत्यूदाखला, मुलांचे आधार, बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड एवढं तरी गोळा करून ठेवा. आणि मालक कमावते होते, वय 60 च्या आत होतं आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्याचे एकरकमी 20,000 असतात, ते घेतले होते का? तहसीलला त्याच टेबलावर विचारा.

चुलीपाशी: मी पण एकटीनं दोन मुलं वाढवलीत, आता मोठी आहेत. तारखेबद्दल सांगते. मी काय करायचे, घराचं महिन्याचं गणित फक्त हातच्या कामाच्या पैशावर मांडायचे, पगार आला की आधी भाडं आणि तेल. मग 200-300 असे बाजूला गहू ठेवायच्या डब्यात टाकायचे, हात लावायचा नाही. पहिलं वर्षभर सारखा मोडायचा तो डबा, आजारपण आलं की गेलंच. पण हळूहळू एका महिन्याचं भाडं साठलं आणि त्या दिवसापासून मला झोप लागायला लागली. तूरडाळ रोज नको, हुलग्याचं माडगं करा, मुलं आवडीनं खातात. किराणावाल्यांना टाळू नका ताई, समोर जाऊन सांगा की पगार अडकलाय, आला की पहिले तुमचे. लपणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्यावर दुकानदार जास्त विश्वास ठेवतो.

आणि हात जोडून सांगते, आठवडी हप्त्याचं गटाचं कर्ज घेऊ नका. दारात येऊन देतात, गोड बोलतात, पण तुमचे पैसे येणार कधीतरी आणि हप्ता येणार दर आठवड्याला. माझ्या जावेनं एक फेडायला दुसरं काढलं, शेवटी मशीन विकली.

माळरान: गॅस कुणाच्या नावावर आहे? मालकांच्या असेल तर मृत्यूदाखला घेऊन एजन्सीत स्वतःच्या नावावर करून घ्या. अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडरचे पैसे परत मिळतात पण कनेक्शन बाईच्या नावावर लागतं. तुम्ही त्यात बसता का ते एजन्सीतच विचारून घ्या.

(मूळ प्रश्न विचारणारी): सगळ्यांचे खूप खूप आभार, वाचताना रडू आलं खरंच. माळरान दादा, तुम्ही म्हणला तसंच निघालं. मुलाला मोबाईलवर बघायला लावलं तर आधारला दुसरीच बँक दिसली. मागच्या वर्षी रिचार्जच्या दुकानात एकानं फुकट खातं म्हणून अंगठा घेतला होता, मी विसरूनही गेले होते, पासबुक नाही काही नाही. तिथं जाऊन बघितलं तर 4500 जमा होते. तीन महिने मी बँक-तहसील करत होते आणि पैसे आमच्याच चौकात पडून होते, एका तरी टेबलावर कुणी हे सांगायला हवं होतं.

काकांचे 2100 दिले. त्यांना आधी सगळं सांगितलं तर म्हणले एवढं काय, आधीच बोलायचं ना. भाडं दिलं, तेल आणलं, 200 डब्यात टाकलेत.

निळीशाई: किती बरं वाटलं वाचून! आता जुन्या बँकेत आधार परत जोडायचा अर्ज द्या, पोच घ्या. आणि त्या खात्याला कमीत कमी शिल्लक ठेवायची अट असेल तर 'बेसिक बचत खातं' करून द्या म्हणावं, त्याला शिल्लक ठेवावी लागत नाही आणि महिन्यातून 4 वेळा पैसे काढणं फुकट असतं.

(मूळ प्रश्न विचारणारी): हो ताई, तेही करते, मागं दोनदा शिल्लक कमी म्हणून पैसे कापले होते. गॅस मालकांच्याच नावावर आहे, तोही बदलते. सोमवारी दोघांचे बोनाफाईड काढायला शाळेत जातेय, मग सोलापूरला जाईन, एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे ते एक बरंय. बाल संगोपनसाठी घरी चौकशीला येतात म्हणे, तर काय काय विचारतात, मुलांनी घरी असायला लागतं का, ज्यांनी अर्ज भरलाय त्यांनी तेवढं सांगा.