किमोनंतर उंदरातली गाठ खरंच चवताळते का?

घोडबंदरवाला: सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. किमो दिलेल्या उंदरांची गाठ आधी आटली, मग आधीपेक्षा जोरात वाढली, म्हणून किमो घेऊ नका. सोबत आलेखही आहे. सल्ला मला पटत नाही, पण निरीक्षण खोटं वाटत नाही. औषध थांबलं की गाठ उसळते, आणि पेशंटला हे कोणी धड सांगत नाही.

खारघरची_उंदीरवाली: दादा, निरीक्षण बरोबर, तुलना चूक. माझं रोजचं कामच हे आहे. उंदराच्या कुशीतली गाठ कॅलिपरने, म्हणजे जाडी मोजायच्या चिमट्याने मोजायची, लांबी गुणिले रुंदीचा वर्ग, भागिले २. गाठ लहान असताना भराभर वाढते, मोठी झाली की रक्तपुरवठा पुरत नाही, वेग मंदावतो. वाढीची ही मंदावत जाणारी रेघ म्हणजे गॉम्पर्ट्झ वक्र, संशोधक ॲना लेअर्ड यांनी तो १९६४ मध्ये प्राण्यांच्या गाठींना लावून दाखवला. किमोने ८०० घन मिलिमीटरची गाठ २०० वर आणली, तर पुढचा वेग २००च्या गाठीशीच ताडून बघा ना!

वाशीचा_वादी: नुसत्या वक्राने सगळं सुटत नाही ताई. उरलेल्या २०० मध्ये औषधाला न जुमानणाऱ्या पेशी जास्त असतात. गाठ तेवढीच, पण तीच नव्हे. शिवाय तुमचा कॅलिपर मेलेला भागही गाठीतच धरतो.

खारघरची_उंदीरवाली: कॅलिपरचं मान्य. पण न जुमानणारी पेशी वेगवान असतेच असं नाही, तगून राहण्याची किंमत तिलाही मोजावी लागते. संशोधक गेटनबी यांनी २००९ मध्ये उंदरांतल्या अंडाशयाच्या कर्करोगावर कार्बोप्लॅटिन या किमोच्या औषधाचा डोस गाठीच्या वागण्याप्रमाणे कमीजास्त केला आणि ती बराच काळ आटोक्यात ठेवली.

वाशीचा_वादी: म्हणजे माझंच म्हणणं! गाठ पुरती ठोकून काढायचा हट्ट नडतो.

खारघरची_उंदीरवाली: थांबा. त्याच गॉम्पर्ट्झ वक्रावरून नॉर्टन आणि सायमन या संशोधकांनी १९७७ मध्ये उलटा धडा काढला: गाठ लहान आणि वेगात असतानाच पुढचा डोस द्या, मध्ये उसंत देऊ नका. स्तनाच्या कर्करोगात ३ आठवड्यांऐवजी २ आठवड्यांनी तीच औषधं दिली, तर रोग परतण्याचं प्रमाण घटलं. ती चाचणी २००३ मध्ये छापून आली. उंदरांवर नव्हे, बायकांवर.

घोडबंदरवाला: पण उंदराच्या एल१२१० नावाच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशी साधारण अर्ध्या दिवसात दुप्पट होतात. माणसाच्या स्तनातल्या गाठीला कित्येक महिने लागू शकतात. मग उंदरावरून माणसाचं वेळापत्रक कसं ठरवणार?

खारघरची_उंदीरवाली: वेळापत्रक नाहीच ठरवत. वक्राचा आकार कळतो, दिवस नाही. आणि तुमच्या त्या आलेखात औषध न दिलेल्या उंदरांची रेघ आहे का, ते बघा.

घोडबंदरवाला: आहे, पण मध्येच तुटलीय.

खारघरची_उंदीरवाली: कारण गाठ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की त्या उंदरांना वेदना नकोत म्हणून आधीच मारतात. किमोवाल्यांची रेघ पुढे चालू राहते, कारण ते तोवर जिवंत असतात.

वाशीचा_वादी: जिवंत, पण न जुमानणारी गाठ घेऊन. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.