होम्सला ‘गुप्तहेर’ म्हणावे का?

सातारा : नववीच्या मुलांबरोबर शेरलॉक होम्स वाचतो आहे. मराठीत त्याला सर्रास ‘गुप्तहेर’ म्हणतात. पण इथल्या मुलांना हेर म्हटले की बहिर्जी नाईकच आठवतात, वेष पालटून शत्रूच्या मुलखात शिरणारे. होम्सचा २२१ब, बेकर स्ट्रीट हा पत्ता तर उघड आहे. अडलेली माणसे जिना चढून त्याच्याकडे येतात. मग नेमका शब्द कोणता?

सांगली : सर, शंका रास्त आहे. हेर राज्याचा असतो, होम्स कुणाचाच चाकर नाही. बंगालीतला ब्योमकेश बक्षी स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. शब्द सुंदर आहे, पण मराठी बोलण्यात जड होतो.

माझ्या मते नामाच्या मागे लागण्यापेक्षा क्रियापदे बघावीत. होम्स ‘माग काढतो’. १८९२च्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ कथेत शर्यतीचा घोडा हरवलाय. होम्स त्याच घोड्याचा निघालेला नाल बरोबर घेऊन डार्टमूरच्या माळावर जातो, आणि मातीतल्या ठशात तो नाल नेमका बसतो. तिथून ठसे धरून पुढे. आपल्या जुन्या गावगाड्यात रामोशी हेच काम करत. चोरीच्या बैलांचा माग पुढच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवायचा, मग जबाबदारी त्या गावाची. म्हणून होम्सच्या बाबतीत मला ‘शोध’पेक्षा ‘माग’ जास्त प्रिय आहे. त्या शब्दाला माती लागलेली आहे.

अगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांतल्या पॉयरोला मात्र तो शब्द चालणार नाही. जमिनीवर वाकून ठसे हुडकणाऱ्यांची त्याला कीव येते. कोण काय बोलले आणि कोणी काय लपवले, हे मनात जुळवून तो ‘उलगडा करतो’.

मिरज : आणि ख्रिस्तीचीच म्हातारी मिस मार्पल ‘ताडते’! हातात विणकाम, आणि समोरच्याचे वागणे बघून तिला सेंट मेरी मीड या आपल्या खेड्यातले कुणीतरी आठवते. आमच्याकडच्या जुन्या बायका म्हणतात ना, “मी तेव्हाच ताडलं होतं”, तेच. ‘अंदाज केला’ म्हटले तर तिचा अपमान होईल. आयुष्यभर माणसे पाहिल्याशिवाय ताडता येत नाही.

कराड : तरीही ‘गुप्तहेर’ टाकू नये. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या वाचकांच्या तोंडी तो रुळलाय. शिवाय होम्सही वेष पालटतोच. ‘अ स्कँडल इन बोहेमिया’मध्ये तो आधी मोतद्दार होतो, मग पाद्री.

सातारा : हे पटले. ‘सुगावा’ आणि ‘छडा’ यांतही मुले गोंधळतात.

सांगली : सुगावा नुसता लागतो, कानावर आल्यासारखा. छडा लावावा लागतो, त्यात तड गाठणे आहे. “पोलिसांचा सुगावा लागताच चोर पसार झाले” असे आपण म्हणतो, म्हणजे सुगावा चोरालाही लागतो. छडा लावणारा मात्र नेहमी पलीकडचा. होम्सच्या कथांतल्या पोलीस इन्स्पेक्टर लेस्ट्रेडला खूपदा सुगावा लागलेला असतो, छडा होम्सच लावतो. मुलांना हेच वाक्य द्या.