दहावीतच ए-लेव्हल गणिताचे पेपर दिले तर? (केंब्रिज बोर्ड, नागपूर)

अजनीची_आई:

मुलगा दहावीत, केंब्रिज बोर्ड. अ‍ॅडिशनल मॅथ्स (०६०६) त्याने एक वर्ष आधीच, नववीच्या मे-जूनमध्ये दिलं. ऑगस्टमध्ये ए-स्टार आला आणि तेव्हापासून घरात शांतता नाही. आता म्हणतो, येत्या मे-जूनमध्ये आयजीसीएसईच्या (केंब्रिजची दहावी) बाकीच्या सात विषयांसोबत एएस गणितही (९७०९) देऊन टाकतो. ए-लेव्हल म्हणजे केंब्रिजची अकरावी-बारावी, एएस म्हणजे त्यातला पहिला अर्धा भाग. मग उरलेलं ए-लेव्हल, मग फर्दर मॅथ्स (९२३१), म्हणजे त्याच्याही पुढचं गणित.

तयारी नाही असं मला म्हणता येत नाही. रोज अजनी चौक ते खापरी मेट्रोत बसून पास्ट पेपर सोडवून राहिला आहे. खापरी शेवटचं स्टेशन आहे म्हणून बरं, नाहीतर एखाद्या दिवशी बुटीबोरीला पोचला असता. माझे सासरे हिंगणघाटला हायस्कुलात गणित शिकवायचे. रविवारी जेवणं झाली की आजोबा-नातू जिन्याच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने गणितं मांडतात. दार मीच पुसते.

माझी अडचण वेगळीच आहे. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, पी-१ (म्हणजे पेपर एक) सोबत पी-२ देऊ या, दोन्ही प्युअर, ०६०६ झालंय म्हणजे त्याला सोपं जाईल, स्टॅटिस्टिक्स मागाहून बघू. ह्यांचं म्हणणं (हे रेल्वेत आहेत, महिन्यातले पंधरा दिवस घराबाहेर) की एएस आता होऊन जाऊ दे, उरलेले दोन पेपर बारावीत आरामात दे. मुलाला दोन्ही चालतं, त्याला फक्त पेपर हवाय. मला गणितातलं काही कळत नाही, पण एवढं कळतं की ज्या गोष्टीला तीन माणसं एकदम 'सोपं आहे' म्हणतात तिथे कुठेतरी खड्डा असतो. कुणी आधी देऊन पाहिलंय का?

सावजी_तर्री:

ताई, पोट्टा सोताहून पेपर मागते हे काय कमी हाय का? आमच्या घरी सतराचा पाढा इचारला तं पोट्टं मोबाइल काढते. देऊ द्या बिनधास्त. मार्क कमी आले तं कोनी फाशी देत नाई.

फक्त एक सांगतो. मे-जूनचा पेपर म्हंजे नागपुरात नवतपा, सगळ्यात तापते ते नऊ दिवस. माझ्या भाचीचा पेपर तवाच होता. हॉलमंदी दोन मोठे कूलर, आवाज असा का सुपरवायझर काय बोलते तेच ऐकू येऊ नये, आन् हिचा बाक बराबर कूलरच्या तोंडासमोर. हवेनं उत्तरपत्रिका उडू नये म्हनून डाव्या हातानं दाबून धरली आन् उजव्या हातानं लिवलं. दोन तास. पट्टी जड नेजा म्हना, लाकडाची.

खडूवाला:

अजनीच्या ताई, खड्डा आहे. एक नाही, दोन आहेत, आणि दोन्ही तुमच्याच पोस्टमध्ये आहेत.

मी धरमपेठेत शिकवतो, आधी बारावी बोर्डाचं, आता बहुतेक केंब्रिजचंच. दर वर्षी असा एक तरी पोरगा येतो. हुशारीचा प्रश्न नसतो. घोळ नियमात होतो.

आधी पी-२. पी-१ आणि पी-२ मिळून एएस होतं, सर्टिफिकेटही येतं. पण हा रस्ता तिथेच संपतो. हे एएस पुढे ए-लेव्हलला धरता येत नाही. कारण सरळ आहे, पी-२ मधलं जवळजवळ सगळं पी-३ मध्ये आहेच, शिवाय पी-३ मध्ये वेक्टर, डिफरेन्शियल इक्वेशन, कॉम्प्लेक्स नंबर. एकाच गोष्टीचे दोनदा मार्क कोण देणार? पुढे ए-लेव्हल करायचं असेल तर पी-१ सोबत पी-४ म्हणजे मेकॅनिक्स, नाहीतर पी-५ म्हणजे प्रोबॅबिलिटी-स्टॅटिस्टिक्स. पी-१ ७५ मार्कांचा, पावणेदोन तासांच्या वर पाच मिनिटं. पी-५ ५० मार्कांचा, सव्वा तास. एएसमध्ये वजन साठ-चाळीस. मॅडमना सिलॅबसचं ते पान उघडून दाखवा. त्या वाईट नाहीत, त्यांच्याकडे आजवर पुढे जाणारं मूल आलं नसेल एवढंच.

दुसरा खड्डा तुमच्या ह्यांचा. 'उरलेलं बारावीत आरामात' हे जमत नाही. एएसचे मार्क १३ महिनेच पुढे नेता येतात. दहावीच्या जूनला एएस दिलं तर अकरावीच्या जूनपर्यंत पी-३ आणि पी-४, पी-५ मधला उरलेला पेपर द्यावाच लागेल. मध्ये नोव्हेंबरची सिरीज (परीक्षेची फेरी) आहे, भारतात मार्चचीही आहे, पण अकरावीचा जून ओलांडला की एएसचे मार्क ए-लेव्हलसाठी गेले, चारही पेपर पुन्हा. एएसची ग्रेड तुमच्याकडे राहते, ती कुणी काढून घेत नाही, पण तिचं करायचं काय? शिवाय एएसला ए-स्टार नसतोच, छोट्या 'ए'पासून 'ई'पर्यंत. ए-स्टारची सवय लागलेल्या पोराला हे आधी सांगून ठेवा, ऑगस्टमध्ये घरात रडारड नको.

आता पोराबद्दल. ०६०६ चांगलं झालेल्या मुलाला पी-१ मध्ये नवं फार थोडं असतं. व्हॉल्यूम ऑफ रिव्होल्यूशन, आणखी दोन-चार गोष्टी. म्हणून ही मुलं पी-१ पटकन उरकतात आणि थेट फर्दरचं पुस्तक उघडतात. इथे मी हात धरतो. एक गणित सांगतो, आज रात्री त्याला घाला, काही समजावू नका.

क्ष³ − २क्ष² + ५क्ष − ३ = ० या समीकरणाची तीन मुळं आहेत. तिन्ही मुळांच्या वर्गांची बेरीज काढ.

फर्दर प्युअरच्या पहिल्या पेपरातलं हे पहिल्याच धड्यातलं गणित. मुळं काढायचीच नाहीत. मुळांची बेरीज २, दोन-दोनच्या गुणाकारांची बेरीज ५. बेरजेचा वर्ग ४, त्यातून ५ ची दुप्पट वजा. उत्तर उणे ६. दोन ओळी, संपलं.

मागच्या वर्षी माझ्याकडे एक पोरगा होता, असाच चुणचुणीत, त्याने अर्ध्या मिनिटात उणे ६ लिहिलं. मग थांबला. खोडलं. अधिक ६ लिहिलं. मी विचारलं, का रे? म्हणाला, 'सर, वर्गांची बेरीज मायनस कशी येईल?' प्रश्न शंभर टक्के बरोबर! पण त्याला उत्तर द्यायला संमिश्र संख्या (कॉम्प्लेक्स नंबर, ज्यांचा वर्ग उणे येऊ शकतो) माहीत पाहिजेत, आणि त्या पी-३ मध्ये आहेत, जो त्याने ओलांडून उडी मारली होती. बरोबर आलेलं उत्तर त्याने हुशारीने चुकवलं. ९२३१ च्या सिलॅबसमध्ये लिहिलेलंच आहे की प्युअरसाठी ९७०९ चे पेपर १ आणि ३ आलेले धरले आहेत. ते वाक्य कुणी वाचत नाही.

तसंच आणखी एक. फर्दरच्या चौथ्या पेपराला, म्हणजे फर्दर स्टॅटिस्टिक्सला, ९७०९ चा पी-५ आणि त्याचाच पुढचा भाग पी-६ दोन्ही गृहीत आहेत. शाळा बहुधा पी-४ आणि पी-५ घेते, कारण फर्दर मेकॅनिक्सला पी-४ लागतो. मग पी-६ कुठे करायचा? घरी, स्वतः, परीक्षा न देता. फर्दर ए-लेव्हलला चारही पेपर आहेत, एकही टाळता येत नाही. बारावीच्या डिसेंबरात हे कळणारी मुलं मी पाहिली आहेत.

माझं मत विचाराल तर दहावीच्या जूनमध्ये देऊ नका. सात विषय, नवतपा, कूलर, आणि त्यात हे. अकरावीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरला पी-१ आणि पी-५ द्या. अकरावीच्याच जूनला पी-३ आणि पी-४, मध्ये सातच महिने, १३ ची भानगडच नाही. बारावी पूर्ण फर्दरला मोकळी. तरीही तो वर्गाच्या पुढेच राहतो. पोरगं कुरकुरेल. कुरकुरू द्या.

आणि तयार उत्तर लिहून सोडायची सवय असेल तर मोडा. कॅल्क्युलेटरवर वर्गसमीकरणाची उत्तरं काढून नुसती उतरवली तर मार्क जातात, रीत दाखवावी लागते. आजोबा या बाबतीत कामाला येतील, जुन्या हायस्कुलातल्या मास्तरांनी 'म्हणून' न लिहिलेलं उत्तर कधी सोडलं नाही.

गोकुळपेठ_ते_पुणे:

मी दिलं होतं. दहावीच्या जूनला एएस, अकरावीच्या जूनला पूर्ण ए-लेव्हल, ग्रेड चांगली आली. खडूवाला सरांनी सांगितलेले दोन्ही खड्डे मी चुकवले आणि तिसऱ्यात पडले. आमच्या शाळेत फर्दर शिकवायला कुणी नव्हतं. म्हणजे बारावीचं अख्खं वर्ष मी गणिताशिवाय काढलं. फिजिक्सच्या निमित्ताने थोडं इंटिग्रेशन, बस. पुण्यात कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात सरांनी फळ्यावर 'बाय पार्ट्स' मांडलं आणि मला पुढची पायरी आठवेना. शेजारी स्टेट बोर्डाची मुलगी बसली होती, बारावीच्या परीक्षेतून ताजी ताजी आलेली. तिने माझ्या वहीत वाकून पाहिलं आणि काही न बोलता स्वतःची वही माझ्याकडे सरकवली. ते मला अजून लागतं.

काकू, शाळेला आधी विचारा की बारावीत फर्दर कोण शिकवणार. सिलॅबसबद्दल विचारू नका, माणसाबद्दल विचारा. आणि बाहेरच्या विद्यापीठांचा विचार असेल तर तेही बघा, काही ठिकाणी तिन्ही ए-लेव्हल एकाच वेळी दिलेले हवे असतात, वर्षभर आधी उरकलेला विषय त्यांना तेवढा भावत नाही.

बेरीज_वजाबाकी:

घाई कशाची आहे तेच कळत नाही. पोराला गणिताची भूक असेल तर ऑलिंपियाडकडे वळवा. आयओक्यूएम ही त्याची पहिली परीक्षा, तिला आठवीपासून बसता येतं. तीन तास, ३० प्रश्न, उत्तर नेहमी शून्य ते ९९ मधली पूर्ण संख्या, निगेटिव्ह मार्किंग नाही. पुढे आरएमओ (विभागीय), आयएनएमओ (राष्ट्रीय). त्यात कॅल्क्युलस नसतंच. संख्याशास्त्र, भूमिती, मोजणी, म्हणजे वरच्या वर्गाचं पुस्तक आधी वाचून काडीचा फायदा नाही. खरं डोकं तिथे लागतं.

खडूवाला:

बेरीज_वजाबाकी, संख्याशास्त्र म्हणजे स्टॅटिस्टिक्स, ते तिथे नसतं. तुम्हाला संख्या सिद्धांत म्हणायचं आहे. बाकी सल्ला चांगला. फक्त ही वेगळी भूक आहे. काही पोरांना कोडं आवडतं, काहींना जिना चढायला आवडतो. मेट्रोत पास्ट पेपर सोडवणारा पोरगा जिनेवाला दिसतो.

अजनीची_आई:

सगळ्यांना धन्यवाद. रात्री ते गणित घातलं. काही बोलले नाही, पोळ्या लाटत होते. एक मिनिट लागलं असेल. उणे ६ लिहिलं, मग पेन तोंडात. मग खोडायला लागला तेव्हा माझ्या हातातलं लाटणं थांबलं. पण त्याने खोडलं नाही. बाजूला प्रश्नचिन्ह काढलं आणि वही घेऊन आजोबांच्या खोलीत गेला.

आजोबांनी चष्मा लावला, पाहिलं, म्हणाले, बरोबर आहे. हा म्हणाला, वर्गांची बेरीज मायनस? आजोबा म्हणाले, मुळं तीन आहेत हे खरं, पण ती सगळी संख्यारेषेवर असतील हे तुला कोणी सांगितलं? मग दोघं दाराकडे गेले. साडेअकराला मी दिवा बंद करायला गेले तर आजोबा खाली बसलेले, दारावर वरची जागा संपली म्हणून खालच्या अर्ध्यावर लिहीत होते.

शाळेत आज सकाळी बोलले. पी-२ चं मॅडमनी लगेच मान्य केलं, ते पान त्यांनीही वाचलं नव्हतं. एन्ट्री फेब्रुवारीच्या सुमारास जातात, म्हणजे बदलायला वेळ आहे. बारावीत फर्दर कोण शिकवणार या प्रश्नावर मात्र 'बघू' असं उत्तर आलं. 'बघू'चा अर्थ नागपुरात काय होतो ते सांगायला नको. ह्यांना फोनवर १३ महिन्यांचं सांगितलं, ते म्हणाले रेल्वेच्या पासलाही एवढे नियम नसतात.

नोव्हेंबरवर मुलगा अजून कबूल नाही. 'सहा महिने काय करू?' म्हणतो. पी-६ कर म्हटलं. पी-५ आणि पी-६ चं जुनं पुस्तक कुणाकडे आहे का? बर्डीवर दोन दुकानं पाहिली, सगळीकडे जेईईचेच गठ्ठे.

सावजी_तर्री:

भाचीकडं हाय पी-५ आन् पी-६, दोनी. पी-६ तं कोरं हाय, उघडलंच नाई तिनं. मानेवाडा चौकात या, इतवारी सोडून कोनत्याई दिवशी संध्याकाळी. पैसे नोको, पोट्ट्याले घेऊन या फक्त.

अजनीची_आई:

इतवारी का नाही?

सावजी_तर्री:

इतवारी मटन असते, मी घरून हालत नाई.