लोरायडर गाड्यांना हायड्रॉलिक पंप का बसवले गेले?

प्रश्न: चिकानो (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन) समाजाच्या लोरायडर, म्हणजे जमिनीलगत खाली आणून सजवलेल्या, गाड्यांना हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारे) पंप कशासाठी बसवतात आणि ही परंपरा जपानपर्यंत कशी पोहोचली?

उत्तर १: कॅलिफोर्नियात १९५८ पासून गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असणे बेकायदा ठरले. त्यावर तोडगा म्हणून रॉन अगिरे यांनी १९५९ च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला विमानांचे हायड्रॉलिक सुटे भाग बसवले, ज्यामुळे पोलीस दिसताच गाडी वर उचलता येई. हा अन्यायकारक नियम २०२४ मध्ये रद्द झाला, याचे मला मनापासून समाधान आहे.

उत्तर २: रंगकामही विसरू नये. लोरायडरप्रेमी जेसी वालाडेझ यांच्या १९६४ च्या ‘जिप्सी रोज’ नावाच्या शेव्हरोले इम्पाला गाडीवर गुलाबी रंगात हाताने रंगवलेली गुलाबफुले अगदी छतापर्यंत पसरलेली आहेत.

उत्तर ३: १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे निघालेल्या ‘लोरायडर’ मासिकाने ही कला दूरवर नेली, जपानी शौकिनांनी तर जुन्या इम्पाला आयात करून स्वतःचे क्लब उभारले.