मदत हवी आहे : लातुरात घर बांधावे की बांधलेले घ्यावे?

लातूर शहरात आमचा बाराशे चौरस फुटांचा अकृषिक प्लॉट असून त्यावर घर बांधावे, की तो विकून जवळचेच जुने घर घ्यावे, हे ठरवायचे आहे. प्लॉटवर खोल काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पायाचा खर्च वाढेल असे अभियंत्यांनी सांगितले. बोअरला पाणी लागण्याची खात्री नाही, आणि 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात मला हीच बाब सर्वांत मोठी वाटते. जुन्या घरात चालू बोअर आहे, कागदपत्रे वकिलांनी तपासली आहेत. मात्र भिंतींना तिरप्या भेगा आहेत, आणि 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर त्यांकडे दुर्लक्ष करणे आम्हाला शक्य नाही. या भेगा केवळ गिलाव्याच्या आहेत की पाया खचल्याच्या, हे इसार देण्यापूर्वी कोणत्या तपासणीतून कळेल?